ओढली तरी रागवत नाय

मिनेको उकिताबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला कुणी सांगू नका. चांगले शब्द बोलणारे ढीगभर पडलेत. आमच्या निप्पोनबाशीत, म्हणजे ओसाकातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जुने दुकानदार चार जण जमले की अजूनही सुरू होतात: 'उकिता-सान म्हणजे काय बाई होती हो!' मी बीअरचा ग्लास तोंडाला लावतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. पण तिची खरी हकिकत हवी असेल ना, तर माझ्याकडेच यायला पाहिजे. ज्यांना तिचं कौतुक होतं ते तिच्याकडे अधूनमधून बघायचे. मी दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत बघायचो, डोळ्यांत तेल घालून. माझी जळत होती, म्हणून माझ्याइतकं तिला कुणी पाहिलेलं नाही.

मी तोकुनागा. सामान विकणारे वेगळे आणि सामान चालवून दाखवणारे वेगळे. मी चालवून दाखवणारा. कॅसेटच्या डेकपासून सुरुवात केली, मग व्हिडिओ आले, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी आल्या, मग कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर ती जाड तार आली. अंगठ्याएवढी जाड, टोकाला पन्नास पिना, एक वाकली की तार गेली. ती लावायची तर शिस्त होती. आधी सगळं बंद करायचं. मग तार लावायची, शेवटच्या यंत्राला बूच मारायचं, मग बाहेरची यंत्रं चालू करायची आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. चालू असताना ओढलीत तर आतलं सगळं स्वाहा. ओसाकातल्या निम्म्या बापांना ही शिस्त मी लावली. 'आधी बंद करा!' हे माझं वाक्य. भाजीबाजारातसुद्धा लोक मला त्याच नावाने हाक मारायचे, 'काय आधी-बंद-करा, आज मासळी का भाजी?' मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

साल नव्व्याण्णव, वसंत नुकताच संपलेला. मॅनेजर कुसुमोतो एका ठेंगण्या, रुंद बाईला घेऊन दुसऱ्या मजल्यावर आला. केस आखूड, आवाज असा की लिफ्टमधले लोक वळून बघावेत.

"तोकुनागा-सान, या उकिता-सान. आजपासून कॅमेऱ्याच्या काउंटरवर डेमो देतील."

"कॅमेऱ्याचा अनुभव?"

"मुळ्याच्या किसणीचा," ती म्हणाली. "अकरा वर्षं. डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात."

मी कुसुमोतोकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. "माझ्या आईने यांच्याकडून किसण्या घेतल्या. एकदम तीन. घरात मुळा मी किसतो, आई हात लावत नाही. जी बाई माझ्या आईला तीन किसण्या विकते ती काहीही विकेल."

ती किशिवादाची. तिथले लोक सणाला लाकडी रथ घेऊन कोपऱ्यावरून धावत वळवतात आणि घरातही त्याच आवाजात बोलतात. बाप कांद्याचा शेतकरी, नवरा ट्रक चालवायचा. तळघरातला भांड्यांचा विभाग बंद झाला तेव्हा बरोबरच्या बाया रडल्या, आणि ही दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारात नोकरी विचारत फिरत होती. हे सगळं तिने मला पहिल्याच दुपारी, माझ्या डब्यातला अंड्याचा रोल उचलून खाताना सांगितलं. विचारलं नाही, नुसता उचलला.

"ही तार कसली?" तिने विचारलं.

ती नवी तार होती. बुटाच्या नाडीएवढी. एक टोक डिजिटल कॅमेऱ्यात, दुसरं कॉम्प्युटरमध्ये. चित्र, आवाज, सगळं त्या एकाच तारेतून धावायचं आणि वर कॉम्प्युटरवर बसून कॅमेऱ्याची टेप मागेपुढे करता यायची. मी चांगल्या मनाने शिकवायला बसलो. तोवर माझं मन चांगलं होतं.

"तेराशे चौऱ्याण्णव," मी म्हणालो.

"नाव विचारलं हो मी, फोन नंबर नाय."

"तेच नाव आहे. नियम ठरवणाऱ्यांनी दिलेला आकडा. बाकी प्रत्येक कंपनीने आपलं वेगळं बारसं केलंय."

"मग मीबी करते की बारसं." तिने तार बोटावर गुंडाळली. "इप्पोन."

लांबट वस्तू एक असली की आम्ही 'इप्पोन' म्हणतो. एक पेन्सिल, एक मुळा, एक तार. आणि ज्युदोत समोरच्याला पाठीवर चारी मुंड्या चीत केलं की पंच हात वर करून हेच ओरडतो. तिने तार कॅमेऱ्यात खुपसली, हात वर केला आणि ओरडली, "इप्पोन!" शेजारच्या फ्रीजच्या विभागातल्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. मला हसू आलं. पण वीसेक वर्षांत मला असा एक शब्द सुचला नव्हता, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं.

मी तिला बजावलं, "एक गोष्ट लक्षात ठेवा. चालू असताना तार ओढायची नाही. आधी बंद करा."

"बरं, गुरुजी."

पहिल्या रविवारी ती डेमोला उभी राहिली. समोर सात-आठ माणसं. पडद्यावर एका पोराच्या शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीची टेप चाललेली. बाई हातवारे करत मागे सरकली, पाय तारेत अडकला आणि तार खट्‌कन निघाली. पडदा काळा. मी माझ्या काउंटरवरून डोळे मिटून घेतले. आता धूर निघणार, कुसुमोतो ओरडणार आणि बाई परत किसणीकडे जाणार, असं मनात येऊन, देवाशपथ, मला बरं वाटलं.

डोळे उघडले तर ती तार परत लावत होती. पडद्यावर पोरगं पुन्हा धावायला लागलं. काहीही बंद केलेलं नव्हतं, काहीही बिघडलेलं नव्हतं. बाईने तारेकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"बघितलंत? ओढली तरी रागवत नाय!"

लोक खो खो हसले. तिने पुन्हा ओढली, पुन्हा लावली. "माझ्या नवऱ्याला नुसतं 'उठा' म्हटलं तर दिवसभर फुगून बसतो. हिला बघा, ओढा, सोडा, परत जोडा. लगेच ओळखते! या, तुम्ही ओढा. ओढा की वो, घाबरता काय!"

नव्या तारेचा हा गुण मला पुस्तकातून ठाऊक होता. चालू असताना काढता येते, लावता येते, पहिल्याच पानावर लिहिलेलं. पण मी माझ्या हाताने कधी ओढून बघितली नव्हती. जन्मभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं ते करायला हातच उठत नव्हता. आणि ही कालची आलेली बाई धडपडली काय आणि तेच तिचं भांडवल झालं काय!

पुढचं काय सांगू? तिच्यापुढे गर्दी हटेना. लहान पोरं तार ओढायला रांग लावायची. म्हाताऱ्या बाया नातवंडांच्या टेपा घेऊन यायच्या. कोपऱ्यावर ताकोयाकी, म्हणजे काडीने टोचून खायचे ऑक्टोपसचे गरम गोळे, विकणाऱ्याने तर 'खाल्ली तरी रागवत नाय' अशी पाटी लावली. माझी बायको फुसाए एकदा डबा द्यायला आली आणि माझ्याकडे यायच्या आधी अर्धा तास तिच्या गर्दीत उभी राहिली. घरी आल्यावर भात वाढताना एकटीच हसत होती.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. ती नवऱ्याचं सांगते ना, ते." मग म्हणाली, "तुम्हीपण तसंच काहीतरी सांगत जा ना."

फुसाए कधी लागेल असं बोलत नाही, म्हणूनच ते जास्त लागलं.

उन्हाळा सरता सरता कुसुमोतोने आम्हा दोघांना बोलावलं. शरद ऋतूत तोक्योच्या बाजूला, माकुहारीला, देशातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन भरतं. तिथे एका मोठ्या कंपनीच्या स्टेजवर ही तार करून दाखवायला ओसाकाच्या दुकानांतून एक माणूस हवा होता, आणि तो आमच्या दुकानाने द्यायचा होता. एकच.

माकुहारीचं स्टेज! दिवे, माइक, समोर देशभरातले लोक. दरवर्षी मी त्या प्रदर्शनाचे फोटो मासिकात बघायचो आणि कात्रणं ठेवायचो. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्याच्यावर काही नसतं. शिवाय माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. आता नाही तर कधीच नाही.

कुसुमोतो म्हणाला, "महिनाभर दर रविवारी दोघांनी हीच तार दाखवायची. मजल्याच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला या. कुणाकडे किती लोक थांबतात ते मी बघेन."

"किती येतात की किती थांबतात?" मी विचारलं.

"थांबतात."

मला धीर आला. तिच्याकडे येणारे हसून निघून जायचे. मी माणसाला थांबवणारा होतो.

पहिल्या रविवारी माझ्यापुढे काळं कुत्रं नव्हतं. मी तरी बोलत होतो, सेकंदाला किती माहिती धावते, कॅमेऱ्याकडचं छोटं टोक आणि कॉम्प्युटरकडचं मोठं टोक यांत फरक का. समोर भिंत आणि भिंतीवर आग विझवायचा डबा. पण दुसऱ्या रविवारी चमत्कार झाला. दुपारी आठ-दहा माणसं आली आणि शेवटपर्यंत थांबली. मधेच निघून गेली नाहीत. निवांत उभी, कुणाच्या दातात काडी, कुणी ओठ पुसतंय, पण मान डोलावत ऐकत होती. तिसऱ्या रविवारी तेच. त्यांत नाकात्सुजी नावाचे एक म्हातारे होते, डोक्यावर कापडी टोपी, ते तर 'बरोबर, बरोबर' म्हणायचे. मी घरी जाऊन फुसाएला सांगितलं, "जाणकार लोक असतात, उशिरा येतात, पण येतात."

"छान झालं," ती म्हणाली.

तरीही तिच्याकडची गर्दी माझ्यापेक्षा तिप्पट. एवढी माणसं रविवारमागून रविवार आणते कुठून ही बाई? आणि मग माझ्या लक्षात आलं. तिच्या गर्दीत काही तोंडं तीच तीच होती. त्यात टोपीवाले नाकात्सुजीसुद्धा! डेमो सुरू झाला की पहिल्या रांगेत, आणि ठरल्यासारखा मोठ्याने प्रश्न: "अहो बाई, पण ओढली तर?" की बाई उसळलीच: "रागवत नाय!"

साकुरा! माझ्या डोक्यात लख्ख पडलं. गिऱ्हाईक म्हणून गर्दीत उभा केलेला, पण आतून दुकानाचाच माणूस, त्याला आम्ही साकुरा म्हणतो. चेरीचा बहर बघायला तिकीट लागत नाही ना, तसा हा फुकटचा प्रेक्षक. आमच्या धंद्यात साकुरा उभा करणं म्हणजे तोंड काळं करणं. सापडलीस, म्हटलं. किसणीवाल्या तळघरातली सवय, जाणार कुठे!

शेवटचा रविवार. कुसुमोतो दोन्ही टोकांच्या मधे, हात मागे बांधून उभा. माझ्याजवळ तिच्यासाठी एक प्रश्नही राखून ठेवलेला होता, तिच्या डेमोचं वर्मच होतं ते: कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू असताना ओढली तर? तेव्हा काय होतं ते तिने कधी दाखवलं नव्हतं. पण आता प्रश्नाची गरजच नव्हती. मी माझं काउंटर सोडलं, तडक तिच्या गर्दीत घुसलो आणि नाकात्सुजींची बाही धरली.

"काय हो आजोबा, दर रविवारी इथे! किती मिळतात उभं राहायचे?"

कुसुमोतो पुढे आला. उकिताबाईच्या हातात तार तशीच राहिली.

"मला?" म्हातारे गोंधळले. "ताकोयाकी मिळतात. सहा."

"ऐकलंत मॅनेजर-सान? ताकोयाकी! साकुरा आहे हा, साकुरा!"

"अहो, पण ते इथे उभं राहायचे नाहीत," म्हातारे म्हणाले. "इथे मी आपला मजेने येतो. ताकोयाकी तुमच्याकडे उभं राहायचे. शेवटपर्यंत थांबलं तरच. मधे गेलं की नाही मिळत. त्या दोन बायापण येतात ना तुमच्याकडे, त्यांनापण."

पहिल्या रांगेतल्या दोन बायांनी माना खाली घातल्या. एकीच्या हातात अजून काडी होती.

"नाकात्सुजी-सान!" उकिताबाई ओरडली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "सांगायचं नाय म्हणलं होतं ना मी!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. माझ्या हातात अजून म्हाताऱ्यांची बाही होती. सोडायची कशी तेच कळेना.

संध्याकाळी जिन्यात ती माझ्या मागे आली. "तोकुनागा-सान, पहिल्या रविवारी तुम्ही त्या लाल डब्याशी बोलत होता. मला बघवेना हो."

"दया आली?"

"दया कसली! तुम्ही शिकवलंत मला सगळं. मला वाटलं, चार माणसं उभी राहिली तर तुम्ही रंगात याल. आणि आला की तुम्ही रंगात!"

"तुमच्या ताकोयाकीवर!"

"मग? माझ्यापुढे येतात ते काय फुकट येतात? मी त्यांना नवऱ्याची लक्तरं दाखवते, म्हणून येतात."

शत्रूने लाथ मारावी, हे मला समजतं. ही बाई माझ्यासाठी गर्दी विकत घेत होती आणि ती गर्दी मी घरी बायकोपुढे मिरवत होतो! अंगाची नुसती लाही लाही झाली. माकुहारीला ती जाणार हे सांगायला कुसुमोतोला तोंड उघडावंच लागलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी रजा टाकली. फुसाएला म्हणालो, मासे धरायला जातो.

"गळ न घेता?" ती म्हणाली. "जा, बघून या तिची फजिती. नाहीतर दिवसभर घरात मलाच छळाल. डब्यात भाताचे गोळे दिलेत."

पहाटेची बुलेट ट्रेन धरून मी माकुहारीला पोचलो. ते सभागृह, ते दिवे, अगदी कात्रणांतल्यासारखंच. कंपनीचं स्टेज माझ्या घरापेक्षा मोठं होतं. आणि त्यावर उकिताबाई उभी होती. मी आधी ओळखलंच नाही. आकाशी रंगाचा गणवेश, गळ्यात रुमाल, केसांना कसलंसं तेल, हातात पुठ्ठ्याचे कागद.

"सर्व मान्यवरांचे स्वागत असो," ती वाचत होती. "सदर जोडणीद्वारे चित्र व ध्वनी यांचे वहन एकाच तारेतून होते. सदर तार उपकरण चालू स्थितीत असतानाही विलग करता येते."

विलग! उकिताच्या तोंडी विलग! कंपनीने तिला ओसाकाच्या बोलीत बोलायची बंदी केलेली दिसत होती. तोक्योचा शुद्ध कागद तिच्या तोंडात दगडासारखा फिरत होता. समोर चाळीसेक खुर्च्या, त्यांत तीन माणसं. एक बूट काढून पाय चोळत होता. एक झोपला होता. शेजारच्या स्टेजवर संगीत वाजत होतं आणि लोक तिकडे लोटत होते. तिने तार ओढली आणि परत लावली. कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. 'इप्पोन' नाही, हात वर नाही. तिच्या मानेवर घाम दिसत होता.

मी खांबाआड उभा राहून भाताचा गोळा खाल्ला. इतका गोड गोळा मी कधी खाल्ला नाही. बघ म्हणावं, बघ. कर आता नवऱ्याचे विनोद.

दुसरा गोळा मात्र मी डब्यात परत ठेवला. कारण माझ्या मनात एक गोष्ट आली आणि ती जाईना. ही इथे अशी पडली, तर मी हरलो कुणाकडून? या कागद वाचणाऱ्या बाईकडून? हिच्यासाठी माझा अख्खा उन्हाळा जळण्यात गेला? फुसाए हसली ती हिच्यामुळे? छे! मला हरवणारी बाई इतक्या सहज पडणारी असूच शकत नाही. तिने पडायचं असेल तर माझ्या प्रश्नाने पडावं, शेजारच्या स्टेजवरच्या ढोलाने नाही.

मी खांबाआडून बाहेर आलो आणि आमच्या निप्पोनबाशीच्या आवाजात ओरडलो, "ओ बाई! विलग-बिलग राहू द्या वो! रेकॉर्डिंग चालू असताना ओढली तर काय हुतंय ते सांगा की!"

झोपलेला माणूस जागा झाला. वाटेने जाणारे थबकले. स्टेजच्या कडेला उभा असलेला कंपनीचा साहेब माझ्याकडे वळला. उकिताबाईने कागदावरून मान वर केली. मला बघितलं. तिचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले.

तिने कागद टेबलावर टाकले.

"काय हुतंय? तार रागवत नाय, बायको रागावती!" तिचा आवाज छतापर्यंत गेला. "अर्धंच रेकॉर्ड झालं म्हणून! पण टेप कुठं हाय? कॅमेऱ्यातच हाय नव्हं? मागे फिरवायची, परत घ्यायची. एवढ्यासाठी कुणी घर सोडून जातंय व्हय?"

कुणीतरी हसलं. तोक्योचे लोक हसायला वेळ घेतात, पण एकदा हसले की थांबतात. वाटेवरचे आत सरकायला लागले.

"तुम्हाला खरं वाटत नाय ना, काका? तोंडावरनंच दिसतंय. या वर! या की, स्टेज चावत नाय!"

अशा रीतीने मी माकुहारीच्या स्टेजवर चढलो. गिऱ्हाईक म्हणून. दिवे डोळ्यांवर आले. समोरच्या खुर्च्या भरत होत्या.

"ओढा," ती म्हणाली.

मी हात पुढे केला आणि तो गेला बटणाकडे, आधी बंद करायला. मी नाही नेला, आपोआप गेला. लोकांना वाटलं मी मुद्दाम करतोय, हशा पिकला.

"बघा, बघा! जुन्या जाड तारेचा माणूस हाय हा," बाई माइकवर म्हणाली. "हात आधी बंद करायलाच जातो! घाबरू नका, काका. ओढा जोरात."

मी ओढली. जन्मात पहिल्यांदा, चालू असताना. पडदा काळा झाला. परत लावली. चित्र आलं. बाईने माझा हात मनगटाला धरून वर केला आणि ओरडली, "इप्पोन!"

टाळ्या पडल्या. कात्रणांतल्या फोटोंत टाळ्या ऐकू येत नाहीत. प्रत्यक्षात त्या पायाखालून येतात. माझ्या होत्या की तिच्या, मला ठरवता येईना, आणि त्याचाच राग येत मी खाली उतरलो. मागच्या रांगेत एक कोटवाला माणूस आपल्या बायकोला हळूच सांगत होता, "तो म्हातारा त्यांचाच असणार. साकुरा. पण काम काय झकास करतो!"

मी गर्रकन वळलो. मी कुणाचा साकुरा नाही, असं त्याच्या तोंडावर सांगणार होतो. पण कोणत्या तोंडाने सांगू? बाही धरून ओरडणारा मीच होतो ना. आणि स्टेजवर बाई एकटी पडली होती. पुढचं तिला सुचत नव्हतं, हात टेबलावरच्या कागदांकडे चालला होता. कडेची माणसं पाय उचलायला लागली होती. तिने गर्दीवरून माझ्याकडे एकदा बघितलं.

मी ओरडलो. हा प्रश्न मी राखून ठेवलेला नव्हता, कुठून आला ठाऊक नाही.

"ओ बाई! मग आमच्या त्या जुन्या जाड तारांचं काय करायचं? फेकून द्यायच्या?"

लोक हसले. ती नाही हसली.

"फेकू नका वो," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "ती ओढली की रागावती, म्हणून तर आपण तिला जपून हात लावतो. हिला काय, कुणीबी ओढतंय."

टाळ्या अशा पडल्या की शेजारच्या स्टेजवरचे लोक वळून बघायला लागले.

आता ती बारीक तारसुद्धा गेली. आमच्या बाजारात ती मागायला कुणी येत नाही, आणि उकिताबाई किशिवादाला भावाच्या शेतात कांदे लावते. दर नववर्षाला तिचं पत्र येतं. फुसाए ते देवघराशेजारी लावते, मी ते तिथून काढतो, ती परत लावते. चार चांगले शब्द मी तिच्याबद्दल बोलणार नाही, आजही नाही. जाड तारेवर मी निम्मं आयुष्य घालवलं, रोज हजार वाक्यं बोललो, आणि त्या तारेबद्दलचं ते एक वाक्य त्या बाईने बोलायचं?

ते माझं होतं. मला सुचायला हवं होतं.